एका कार्डावर दोन लिप्या

अब्बांना मोबाइलवर काही दाखवायचं म्हटलं की मी दोनदा विचार करते. त्या दिवशी केला नाही. आठवीच्या मुलांसाठी बनवलेलं शब्दांचं पान उघडून फोन थेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपासून चार बोटांवर धरला आणि म्हणाले, "इसका सर किसने काटा?"

पडद्यावर 'तालीम' हा शब्द होता, उर्दूत. 'ते'वरचे दोन्ही नुक्ते गायब झाले होते आणि शेवटच्या 'मीम'ची शेपटी खालून छाटली गेली होती. नुक्ते नसलेला 'ते' म्हणजे नुसता एक दात. तो 'बे' असेल, 'नून' असेल, काहीही असेल. मी तीन महिने त्या पानावर काम करत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. शब्द आपल्याला पाठ असला की डोळे उरलेलं स्वतःच भरून घेतात. शिक्षकांना हा आजार जास्त.

अब्बा कातिब. उर्दू मजकूर बोरूने, सुंदर अक्षरात लिहून देणं हा त्यांचा धंदा. मालेगावातली साप्ताहिकं, मुशायऱ्यांची पोस्टरं, लग्नाचे रुक्के त्यांनी लिहिले. 1981 साली लाहोरच्या 'जंग'ने मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमध्ये संगणकावर जुळवलेला अंक काढला. ती बातमी आमच्या घरात 'लाहोरमध्ये काहीतरी झालंय' एवढीच पोहोचली असावी. नव्वदच्या दशकात इनपेज आलं, आमच्या गल्लीपर्यंत आलं, आणि अब्बांचं काम आटत गेलं. हे सांगताना ते कधी रडगाणं गात नाहीत, पण संगणकावरच्या उर्दूत चूक दिसली की त्यांच्या आवाजात एक खास धार येते. ती मी त्या दिवशी ऐकली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. दोन्ही भाषांत असे कितीतरी शब्द आहेत जे दिसायला, बोलायला एकच, आणि अर्थ मात्र वेगळा. उर्दूतली तालीम म्हणजे शिक्षण, मराठीतली तालीम म्हणजे आखाडा, नाहीतर नाटकाची. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. राजीनामा उर्दूत दोन पक्षांत समेट घडवतो आणि मराठीत माणसाला नोकरीवरून घरी पाठवतो. 'शिकस्त' तर कमालच: उर्दूत पराभव, मराठीत पराकाष्ठेचा प्रयत्न. "प्रयत्नांची शिकस्त केली" हे वाक्य वाचून माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "टीचर, मतलब कोशिश हार गई?" मला तिला चूक म्हणवेना. तिच्या भाषेत ती बरोबरच होती.

म्हणून मला कार्डं हवी होती. वर शब्द, उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्यांत. खाली दोन्ही अर्थ, एकमेकांना लागून. वेगवेगळी पानं मला नकोच होती. दोन अर्थ शेजारी दिसले नाहीत तर या शब्दांची गंमतही नाही आणि धडाही नाही.

बहिणीचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याने सुरुवात करून दिली आणि पुढचं माझ्यावर सोपवलं. मी बीएड आहे, संगणकाची पदवी नाही. पण चाळिशीनंतर माणूस काही शिकू शकत नाही हे मला कोणी सांगितलं तर राग येतो. एचटीएमएल जमलं. सीएसएसही जमलं असं वाटलं.

सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं याचे नियम. होकून विउम ली यांनी 1994 मध्ये त्याची कल्पना मांडली, बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले आणि 1996 मध्ये पहिली आवृत्ती अधिकृत झाली. तेव्हा वेबवर मुख्यतः लेख, अहवाल अशी कागदपत्रं होती. सगळ्या मथळ्यांचा रंग एकदा ठरवला की साऱ्या कागदपत्रभर लागू, ही केवढी सोय! एक फाइल, सगळ्या पानांना तिचा हुकूम. अडचणही तिथेच आहे. हुकूम सगळ्यांना लागू होतो, ज्याला नको त्यालाही.

आता माझ्या कापलेल्या 'तालीम'कडे येऊ. नस्तालीक आडव्या रेषेवर चालत नाही. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो, जिना उतरावा तसा. जितकी अक्षरं जास्त, तितकी सुरुवात उंच. त्यामुळे तिला वर-खाली ऐसपैस जागा लागते. देवनागरीचं घर वेगळं. शिरोरेखेच्या दोरीवर अक्षरं टांगलेली, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार; नस्तालीकच्या मानाने सगळं आटोपशीर. माझ्या फाइलमध्ये दोन्ही लिप्यांतल्या शब्दांना एकच नियम होता: ओळीची उंची अक्षराच्या दीडपट. वर कार्डाची उंची ठरावीक, आणि बाहेर येईल ते लपवा असा आणखी एक नियम. मराठी शब्द त्यात सुखाने बसला. उर्दूचा शिरच्छेद झाला.

त्याच रात्री मी दुरुस्तीला बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती आणि हे पान मला पालकांना दाखवायचं होतं. दीडपटीच्या जागी अडीचपट लिहिलं. 'तालीम'चे नुक्ते परत आले. मी फोन बंद करून झोपले.

सकाळी सभेत पान उघडलं तर मराठी अर्थांच्या ओळी एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या होत्या की जणू त्यांचं भांडण झालंय. कार्ड दुप्पट उंच झालेलं, 'पुढचा शब्द' हे बटण पडद्याच्या खाली नाहीसं झालेलं. एका पालकाने अतिशय सभ्यपणे विचारलं, "मॅडम, मराठीचं पान अजून तयार व्हायचंय का?" मी हो म्हणाले. खोटं बोलले. पान तयार होतं, मीच ते रात्री बिघडवलं होतं, उर्दूचं भलं करताना.

हा प्रश्न मला आयुष्यात अनेकदा वेगळ्या रूपात विचारला गेलाय. मराठीच्या सभेत 'तुमची उर्दू', उर्दूच्या सभेत 'आप तो मराठी वाली हैं'. दोन्ही एकत्र सांभाळते म्हटलं की लोक समजतात, एकीला दिलं की दुसरीचं कमी होणारच. सभेतून घरी येताना मला स्वतःचा संताप आला, कारण या वेळी ते मी माझ्याच हाताने खरं करून दाखवलं होतं.

भाच्याला फोन केला. तो हसला. "खाला, तुमने एक खिड़की ठीक करने के लिए पूरी दीवार सरका दी." मग त्या रविवारी तो आला आणि कंपोनंटची स्टाइल जावास्क्रिप्टमध्येच कशी लिहायची ते त्याने मला दाखवलं.

कंपोनंट म्हणजे पानाचा एक स्वतंत्र तुकडा. माझ्याकडे शब्द हा एक कंपोनंट, अर्थ दुसरा, बटण तिसरा, आणि तिघे मिळून कार्ड. या तुकड्यांची रचना आणि वागणूक जावास्क्रिप्टमध्ये आधीच लिहिलेली असते. 2014 मध्ये फेसबुकमधल्या क्रिस्टोफर शेडो यांनी एका व्याख्यानात सीएसएस मोठ्या प्रकल्पांत कसं हाताबाहेर जातं त्याची यादी मांडली आणि विचारलं की रचना जिथे आहे तिथेच दिसण्याचे नियमही का लिहू नयेत? त्यातून पुढे लायब्ऱ्यांची एक रांगच लागली. 2016 मध्ये आलेली स्टाइल्ड-कंपोनंट्स सर्वांत गाजली. आम्ही घेतली ती गूबर नावाची, कारण ती एक केबीपेक्षाही लहान आहे. तिच्या भावंडांचं वजन दहा केबीच्या घरात किंवा वर जातं. पानाच्या रचनेसाठी रिअ‍ॅक्टऐवजी प्रीअ‍ॅक्ट, ते साधारण तीन केबी. माझी मुलं वडिलांचा फोन रात्री अर्धा तास मिळाला तर पान उघडतात, आणि तो फोन बहुधा त्या घरातला सर्वांत जुना असतो.

काम कसं चालतं ते मला समजलं तसं सांगते. 'शब्द' नावाचा कंपोनंट बनवताना त्याच्या जागीच, एका विशेष अवतरणात, नेहमीच्या सीएसएसमध्ये नियम लिहायचे: रंग, अक्षराचा आकार, ओळीची उंची. मध्ये जिथे उत्तर बदलतं तिथे लहानसं फंक्शन ठेवायचं. त्या फंक्शनला कंपोनंटला दिलेली माहिती कळते. मी शब्दासोबत त्याची भाषा देते, आणि फंक्शन म्हणतं: भाषा उर्दू असेल तर उंची 2.3 पट, नाहीतर 1.6. लायब्ररी त्या मजकुराचा तयार नियम करते, मजकुरावरून एक आकडा काढते, त्याच्यापुढे 'गो' ही अक्षरं लावून क्लासचं नाव बनवते आणि नियम पानाच्या माथ्यावरच्या एका स्टाइल टॅगमध्ये टाकते. उर्दू शब्दाला एक आकडा मिळतो, मराठीला दुसरा. मजकूर तोच असेल तर आकडाही तोच, म्हणून पन्नास उर्दू शब्द आले तरी नियम एकदाच लिहिला जातो. नावं मी ठेवत नाही, त्यामुळे माझी दोन नावं एकमेकांवर आदळत नाहीत. आधी मी दोन वेगळ्या गोष्टींना 'शब्द' हेच नाव देऊन बसले होते, हा रोगाचा अर्धा भाग होता.

मला हे पटायला वेळ लागला नाही. बीएडला आमच्या एका मॅडम पाठाच्या टाचणात शैक्षणिक साधनांची यादी शेवटच्या पानावर लिहिली की वही परत करायच्या. तक्ता ज्या मुद्द्याला लागणार त्याच मुद्द्यासमोर तो लिहायचा, म्हणजे मुद्दा गाळला तर तक्ताही गळतो. माझ्या जुन्या सीएसएस फाइलमध्ये सहाशेच्या वर ओळी होत्या, आणि त्यातल्या कित्येक अशा तुकड्यांच्या होत्या जे मी केव्हाच काढून टाकले होते. पुसायची भीती वाटायची. कोण जाणे कुठे लागत असेल! आता 'शब्द'ची फाइल उघडली की शब्द आणि त्याचे कपडे एकाच ठिकाणी.

पहिल्याच दिवशी सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गूबरला सुरुवातीला एकदा सांगावं लागतं की पानाचे तुकडे बनवायचं काम प्रीअ‍ॅक्ट करतंय. ती एक ओळ मी विसरले आणि पान पांढरंफटक. दोन तास गेले.

एक चूक भाच्याने पकडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उजवीकडून डावीकडे ही दिशासुद्धा मी स्टाइलमध्येच लिहिली होती. तो म्हणाला, दिशा ही सजावट नव्हे. कपडे उतरवले तरी उर्दू उजवीकडूनच वाचली जाते. म्हणून दिशा आणि भाषा एचटीएमएलच्या खुणांमध्ये द्यायच्या, स्टाइलमध्ये नाही. इथे गूबरची एक सवय उपयोगी पडली. कंपोनंटला दिलेली माहिती ती मूळ टॅगपर्यंत तशीच पोहोचवते. मी भाषा एकदाच देते. तिच्यावरून ओळीची उंचीही ठरते आणि टॅगवर भाषेची खूणही उमटते, जिच्यामुळे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं की आता उर्दू आली. कार्डाच्या कडेच्या हिरव्या पट्टीला 'डावीकडे' म्हणायचंही सोडलं आणि 'जिथून ओळ सुरू होते तिथे' असं लिहिलं. सीएसएसमध्ये त्यासाठी वेगळा शब्दच आहे. आता उर्दूत पट्टी आपोआप उजवीकडे जाते.

कोणी जाणकार म्हणेल, एवढ्यासाठी लायब्ररी कशाला? साध्या सीएसएसमध्येही भाषेनुसार नियम लावता येतो. येतो, खरं आहे. क्रोममध्ये तर 2023 पासून नियमांना कुंपण घालायची सोयही आली आहे. आणि या लायब्ऱ्यांवरचा आक्षेपही खरा आहे: नियम तयार करण्याचं काम त्या प्रत्यक्ष फोनवर, पान चालू असताना करतात. 2022 मध्ये इमोशन या नावाजलेल्या लायब्ररीच्याच एका देखभालकर्त्याने, आपली कंपनी ही पद्धत का सोडते आहे, ते मोकळेपणाने लिहिलं. हजारो तुकडे सतत बदलणारं पान असतं तर मीही सोडली असती. माझ्या पानावर एका वेळी एक कार्ड असतं. आणि हे पान सांभाळणारी मी आहे, रात्री अकरानंतर, वह्या तपासून झाल्यावर. तेव्हा मला एकच फाइल उघडून एकच जागा बघायची असते.

खरी फजिती वजनाची झाली. लायब्ररीत दहा केबी वाचवले म्हणून मी खुशीत होते. मग भाच्याने नोटो नस्तालीक उर्दूच्या फाँटचं वजन दाखवलं: काही शे केबी! दोरीचं वजन कमी केलं आणि बादली लोखंडाची निघाली. एकेका जोडणीसाठी अक्षराची इतकी रूपं ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही. फाँट येईपर्यंत फोनमधला साधा फाँट दाखवावा असं ठरवलं, पण अँड्रॉइडवर तो नस्ख असतो. दोन मुलांनी लगेच तक्रार केली, "टीचर, पहले अरबी आती है, फिर उर्दू बनती है." एकदा उतरलेला फाँट फोनमध्ये राहतो, म्हणून पहिल्या खेपेपुरतं मी हे चालवून घेतलं. मला ते पटलेलं नाही. पण उर्दूला कायमच नस्खमध्ये बसवायचं, हे त्याहून पटत नाही. मराठी मजकूर शिरोरेखेशिवाय छापला तर वाचता येईलही, पण कोण वाचेल?

सगळं बसल्यावर एका जुम्याला नमाजनंतर पुन्हा फोन अब्बांसमोर धरला. या वेळी त्यांना विचारलं, उर्दूच्या ओळीला किती जागा लागते? त्यांनी सेंटिमीटरमध्ये उत्तर दिलं नाही. म्हणाले, कलम कोणतं आहे त्यावर आहे. मग त्यांनी क़त समजावला. बोरूचं टोक जेवढं रुंद कापलंय तो एक क़त, आणि प्रत्येक अक्षराचं माप त्यात. नस्तालीकचा अलिफ तीन क़तांचा. कलम जाड घेतलं की अलिफही वाढतो, दोन ओळींतली जागाही वाढते, हिशोब तोच राहतो. मी ऐकत राहिले. माझ्या फाइलमधले 2.3 आणि 1.6 हे आकडेही तसेच आहेत. त्यांना एकक नाही. अक्षराचा आकार बदलला की उंची त्याच प्रमाणात बदलते. आणि अब्बांकडे त्यांच्या उस्तादांचं मिस्तर आहे, पुठ्ठ्यावर दोरे ताणलेलं, ज्यावर कागद दाबला की ओळींच्या खुणा उठतात. त्यांच्या उस्तादांकडे मजकूर बदलला की मिस्तरही बदलायचं. गझलेचं वेगळं, बातमीचं वेगळं. एकाच मिस्तरवर दोन्ही लिहिणारा शागीर्द मार खायचा.

अब्बांनी 'तालीम' बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, मीमला अजून थोडी हवा हवी. मी 2.3 चे 2.4 केले, पान पुन्हा उघडलं. मराठीची ओळ जागची हलली नाही. त्यांना ती न हलणारी ओळ दाखवावी म्हणून मी बोट मराठी शब्दावर ठेवलं. अब्बा देवनागरी सावकाश वाचतात. त्यांनी पुन्हा फोन चार बोटांवर घेतला.

"और ये ऊपर की लकीर बीच-बीच में से क्यों टूटी है?"

मी पाहिलं. 'ता', 'ली' आणि 'म' यांच्या डोक्यावरच्या रेषेत केसाएवढ्या फटी होत्या. इंग्रजी मथळे सुटसुटीत दिसावेत म्हणून अक्षरांमध्ये अंतर ठेवतात, ते मी हौसेने मराठीलाही ठेवलं होतं. शिरोरेखा तुटली होती, आणि मी मराठी शिकवते. ओळ 'शब्द'च्याच फाइलमध्ये, मराठीच्या बाजूला होती. अब्बा चहा पीत असताना ती पुसली.